महिना तीन लाख भाडं देणार असाल तर एवढं तरी विचारून घ्या

हल्ली बीकेसीत किंवा लोअर परळला मोठ्या हुद्द्यावर बदली होऊन येणारी, नाहीतर दुबई-सिंगापूरहून परत येणारी आपली बरीच मंडळी वांद्रे पश्चिम, खार, वरळी, मलबार हिल अशा भागात भाड्याने घर बघतात. बजेट असतं, घाई असते आणि ठाण्या-डोंबिवलीत किंवा कोथरूडला घर भाड्याने घेतल्याचा अनुभव असतो, तो इथे अर्धाच कामाला येतो. म्हणून नवीन माणसासाठी क्रमाने लिहितोय. उदाहरणं वांद्र्या-खारची जास्त येतील कारण तो पट्टा मला जास्त माहितीये, पण कायदा आणि कागद सगळ्या महाराष्ट्रात सारखेच आहेत, कोरेगाव पार्क किंवा बोट क्लब रोडला घेत असाल तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या रेंजमध्ये लोक तीन लाखाचे दोन लाख ऐंशी करण्यात आठवडा घालवतात आणि मग दमून ॲग्रीमेंट न वाचता सही ठोकतात. तुम्ही उलटं करा. भाड्यात थोडं कमी झालं तर ठीक, नाही झालं तर सोडून द्या, पण अटींवर मात्र चिवटपणे बोला. महिनोन्महिने रिकामं पडलेलं महागडं घर मालकालाही परवडत नसतं, त्यामुळे अटी वाकवायला तो भाड्यापेक्षा लवकर तयार होतो.

१. एरिया आधी ठरवा, तोही दोनदा जाऊन

पाली हिल, कार्टर रोड, बँडस्टँड, माउंट मेरी, खारचं युनियन पार्क, हे सगळं नकाशावर चालत जाण्याइतकं जवळ असलं तरी राहायला वेगवेगळं आहे. बँडस्टँडला समुद्र समोर आहे पण मन्नतच्या आसपास रविवारी संध्याकाळी गाडी बाहेर काढून बघा म्हणजे कळेल. माउंट मेरीच्या आजूबाजूला सप्टेंबरात आठ तारखेनंतरच्या रविवारपासून जत्रेचा आठवडा असतो, तेव्हा गल्ल्यांमध्ये गाड्यांवर निर्बंध असतात, छान वातावरण असतं, पण तुमचं सामान नेमकं त्या आठवड्यात शिफ्ट होत असेल तर बोंबला. पाली हिल शांत, झाडंबिडं भरपूर, पण चढ आहे आणि रिक्षावाला वरपर्यंत यायला कधी कधी तोंड वाकडं करतो.

ऑफिस दक्षिण मुंबईत असेल तर सी लिंक आणि कोस्टल रोड जोडल्यापासून वांद्र्याहून मरीन ड्राइव्ह खूपच जवळ आलंय. मेट्रो तीन २०२५ च्या ऑक्टोबरपासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे, पण वांद्रे पश्चिमेला ती घराच्या दारात येत नाही, बीकेसी किंवा धारावीच्या बाजूला जावं लागतं. वरळीला राहिलात तर ती खरंच जवळ पडते. तर एकदा सकाळी साडेनऊला आणि एकदा रात्री, असं दोन वेळा जाऊन या. ब्रोकर कायम दुपारी अकरा ते चारमध्येच घर दाखवतो, तेव्हा सगळीच मुंबई बरी वाटते.

२. ब्रोकर

ब्रोकरशिवाय या भागात चांगलं घर मिळणं अवघड आहे, बरीच घरं कुठल्या ॲपवर येतच नाहीत, मालकच नको म्हणतो. ब्रोकरेज साधारण एक महिन्याचं भाडं असतं, वर ब्रोकर जीएसटीवाला असेल तर १८ टक्के. ३ लाखावर ५४ हजार फक्त जीएसटी झाला, त्यामुळे "वन मंथ प्लस" मधला तो प्लस काय हे पहिल्याच फोनवर विचारा. अजून दोन गोष्टी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. एक, ॲग्रीमेंट रिन्यू झालं तर परत ब्रोकरेज द्यायचं का. दोन, ब्रोकरेज कधी द्यायचं, टोकनला (घर अडवून ठेवायला देतो त्या आगाऊ रकमेच्या वेळी), रजिस्ट्रेशनला की चावी मिळाल्यावर. चावीला द्या.

एकच फ्लॅट चार ब्रोकर दाखवतात आणि ज्याने पहिला दाखवला त्याचा हक्क अशी बाजाराची रीत आहे. म्हणून कुठे जाणार त्या बिल्डिंगचं नाव आणि मजला आधी मागून घ्या, आधीच बघितलेलं असेल तर जाऊच नका, नंतर दोघं ब्रोकर तुमच्या डोक्यावर भांडतात. आणि क्षेत्रफळ विचाराल तेव्हा "कार्पेट किती", म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा किती, एवढंच विचारा. बाविसशे चौरस फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट कार्पेटला चौदाशे निघतो. "सी व्ह्यू" आणि "साइड सी व्ह्यू" हे दोन वेगळे प्रकार आहेत, दुसऱ्यात गॅलरीच्या कठड्यावरून वाकलं की समुद्र दिसतो.

३. घर बघताना मार्बल नको, नळ बघा

भारी लाइट, इटालियन मार्बल, मॉड्युलर किचन हे सगळं दाखवायलाच असतं, ते दिसणारच आहे. तुम्ही बाथरूममध्ये जाऊन शॉवर आणि बेसिनचा नळ एकदम सोडा, वरच्या मजल्यावर प्रेशर कसं आहे ते बघा. महापालिकेचं पाणी ठरावीक तासच येतं, बाकी सगळं टाकीवर, त्यामुळे वॉचमनला बाजूला घेऊन विचारा मे महिन्यात टँकर येतात का. वॉचमन खरं सांगतो. बिल्डिंगला ओसी (राहायला परवानगी असल्याचा महापालिकेचा दाखला) आहे का हेही विचाराच, चकाचक टॉवर असून ओसी नाही असे मुंबईत कितीतरी आहेत आणि पाण्याच्या बिलापासून पुढचे सगळे त्रास तिथून सुरू होतात.

विजेचं बिल मागा. त्यावर मंजूर लोड लिहिलेला असतो. चार बेडरूमचे एसी, दोन गीझर, इंडक्शन, ड्रायर हे सगळं एका वेळी चालणार असेल तर थ्री फेज आणि पुरेसा लोड हवा, नाहीतर पाहुणे आल्या दिवशीच ट्रिप. जनरेटर बॅकअप आहे म्हणतात तेव्हा तो फ्लॅटला आहे की फक्त लिफ्ट आणि पॅसेजला, हा प्रश्न विचारायचा.

समुद्राजवळचं घर असेल तर खारी हवा काय करते ते नीट बघा. एसीचं बाहेरचं युनिट जिथे लावलंय तिथे खिडकीतून डोकावून बघा, जाळी तांबेरलेली, स्टँडचे बोल्ट गंजून फुगलेले दिसतील, म्हणजे लवकरच गॅस लीक आणि कॉइल बदलायचा खर्च. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या चॅनलमध्ये बोट फिरवा, पांढरट पावडर हाताला लागली आणि पाणी जायची भोकं बुजलेली असली तर जुलैमध्ये पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर पाणी हॉलमध्ये येणार. खिडकीखालच्या भिंतीला ताजा रंग आणि बाकी भिंतीला जुना असं दिसलं तर समजून जा. शक्य असेल तर पावसाळ्यातच घर बघा. ऑक्टोबरनंतर सगळी घरं कोरडी असतात.

पार्किंग. दोन कार पार्क आहेत असं सांगतात, जाऊन बघता तर एकामागे एक, म्हणजे मागची गाडी काढायला पुढच्याचा ड्रायव्हर शोधा. मशीनवालं स्टॅक पार्किंग असेल तर उंची आणि वजनाची मर्यादा तिथेच पाटीवर लिहिलेली असते, मोठी एसयूव्ही बऱ्याच ठिकाणी बसत नाही. तुमच्या गाडीची उंची गुगल करून जा. ॲग्रीमेंटमध्ये पार्किंगचे नंबर टाकून घ्या, नुसतं "दोन पार्किंग" नको.

आणि शेजारचा प्लॉट! हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. खार आणि पाली हिलला जुन्या चार-सात मजली सोसायट्या एकामागून एक रीडेव्हलपमेंटला चालल्यात. बेडरूमच्या खिडकीतून रिकामी बिल्डिंग, निळे पत्रे, हिरवी जाळी दिसली तर पुढची दोन-तीन वर्षं ब्रेकर आणि पायलिंग ऐकत राहायची तयारी ठेवा, आणि ते कारण पुढे करून भाडं कमी मागायला लाजू नका.

४. मालक खरंच मालक आहे का

महागड्या घरात फसवणूक होत नाही असं कोणी सांगितलं? उलट इथे मालक परदेशात, घर दाखवणारा कोणी मॅनेजर, सही करणारा भाऊ असं कायम असतं. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, बघता येतो, तो बघा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, चालू मेंटेनन्स बिल, लाइट बिल, तिन्हीवर नाव एकच आहे ना बघा. सही दुसरा कोणी करणार असेल तर पॉवर ऑफ अटर्नी मागा, त्यात भाड्याने द्यायचा आणि डिपॉझिट घ्यायचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. मालक वारलेले आणि एक मुलगा म्हणतोय "मी नॉमिनी आहे", तर थांबा. नॉमिनी म्हणजे वारस असं नसतं, बाकीच्या भावंडांची संमती घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी बहीण दारात उभी राहते.

फ्लॅटवर कर्ज आहे का विचारा, असेल तर हप्ते चालू आहेत का आणि बँकेला कळवलंय का. हप्ते थकले तर बँक ताबा घ्यायला येते तेव्हा तुमच्या, समजा बारा लाख, डिपॉझिटचं बँकेला काही देणंघेणं नसतं.

डिपॉझिट आणि टोकन दोन्ही फक्त मालकाच्या खात्यात, बँकेतून. कॅशमध्ये थोडं द्या, भाडं ॲग्रीमेंटमध्ये कमी दाखवू, असं म्हणणारा भेटला तर मी तरी निघून येईन.

५. अटी, म्हणजे खरी घासाघीस इथे करा

मालकाच्या वकिलाचा ड्राफ्ट येतो तो सगळा मालकाच्या बाजूने असतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, तुम्ही तुमच्या सुधारणा पाठवायच्या.

लॉक-इन, म्हणजे जेवढी मुदत करार मोडता येत नाही ती, आधी बघा. ड्राफ्टमध्ये बहुतेक वेळा लॉक-इन फक्त तुम्हाला असतो आणि मालक एक-दोन महिन्यांच्या नोटिसवर बाहेर काढू शकतो. मुलांच्या शाळा, पडदे, सामान, सगळं करून तुम्ही बसलात आणि पाचव्या महिन्यात नोटीस, हे कसं चालेल? तुमचा लॉक-इन बारा महिने असला तरी मालकाचा पूर्ण मुदतीचा मागा. बऱ्याचदा मिळतो. तुमची बदली होऊ शकत असेल तर कंपनीचं बदलीपत्र दाखवून लॉक-इनमध्येही दोन महिन्यांच्या नोटिसवर निघता येईल अशी ओळ घाला.

बिल्डिंग जुनी असेल तर रीडेव्हलपमेंटची ओळ हवीच हवी. सोसायटीचा ठराव झालाय का, बिल्डर ठरलाय का हे सेक्रेटरीला सरळ विचारा. खाली करायची वेळ आली तर बिल्डर जे भाडं आणि कॉर्पस (एकरकमी पैसे) देतो ते मालकाला मिळतं, भाडेकरूच्या हाती काही येत नाही. म्हणून किमान ९० दिवसांची नोटीस, राहिलेल्या महिन्यांच्या हिशोबाने ब्रोकरेज परत आणि शिफ्टिंगचा खर्च, असं तिन्ही मागा. तिन्ही नाही मिळालं तरी नोटीस सोडू नका.

दुरुस्ती कोणाची? "मायनर तुमची, मेजर मालकाची" असं लिहिलेलं असतं आणि मेजर म्हणजे काय यावर पुढे महाभारत होतं. रक्कम घाला, अमुक हजारापर्यंत भाडेकरू आणि वर मालक. गळती, प्लंबिंगच्या आतल्या लाइन, वायरिंग, एसीचा कॉम्प्रेसर हे नाव घेऊन मालकाकडे टाका. सेंट्रल टाइप एसी असेल तर त्याचं वार्षिक मेंटेनन्स कोण भरणार तेही लिहा, तो आकडा छोटा नसतो.

मेंटेनन्स भाड्यात धरलाय का? टॉवरमध्ये जिम, पूल, क्लबहाउस धरून मेंटेनन्स चांगलाच बसतो. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत आणि ते मालकाने भरायचे असतात, तुमच्याकडे ढकलले जात असतील तर नाही म्हणा.

फर्निचरची यादी मात्र लग्नाच्या यादीसारखी करा, एकेक वस्तू, ब्रँड, काय ओरखडा आहे तोसुद्धा. ती ॲग्रीमेंटला जोडायची आणि चावी घ्यायच्या दिवशी पूर्ण घराचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठवायचा. इटालियन मार्बलचं खास सांगतो, त्यावर लिंबाचा रस, कोकमाचं आगळ किंवा टॉयलेट क्लीनर सांडलं की पॉलिश जाऊन मॅट डाग पडतो, तो पुसून जात नाही, पॉलिशवालाच बोलवावा लागतो. आधीचे डाग फोटोत नसतील तर ते तुमचे.

६. ॲग्रीमेंट आणि स्टँप ड्यूटी

आपल्याकडे भाडेकरार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि रजिस्टर्डच हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही. "अकरा महिन्यांचं आहे, नोटरी पुरते" असं अजून लोक छातीठोक सांगतात, ते चूक आहे. रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकाची, आणि केलं नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.

स्टँप ड्यूटी ०.२५ टक्के. कशावर, तर पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. समजा भाडं ३ लाख, डिपॉझिट १२ लाख, मुदत २४ महिने. भाडं झालं ७२ लाख, डिपॉझिटचं धरलेलं व्याज २ लाख ४० हजार, एकूण ७४ लाख ४० हजार, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १८,६००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, आणि एजंटची फी वेगळी. दोघांनी अर्धा अर्धा खर्च करायची पद्धत आहे.

रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, एजंट थंबचं मशीन आणि वेबकॅम घेऊन घरी येतो, दोन साक्षीदार आणि आधार लागतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचं कामही मालकाचं, पण ते ऑनलाइन भरून झाल्याची पावती तुम्ही मागून ठेवा.

मुदत संपायची तारीख फोनमध्ये टाका. कलम २४ असं आहे की मुदत संपून घर सोडलं नाही तर दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. तीनचे महिना सहा लाख. "बोलून घेऊ, पुढच्या महिन्यात रिन्यू करू" हे तोंडी ठेवू नका.

७. टीडीएस, इथे भले भले अडकतात

महिना ५० हजारांच्या वर भाडं असेल तर साध्या पगारदार माणसालाही टीडीएस कापावा लागतो, म्हणजे मालकाच्या टॅक्सचा भाग भाड्यातून कापून सरकारला भरावा लागतो. हा नियम जून २०१७ पासून आहे, तेव्हा दर ५ टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के झाला. दर महिन्याला कापायची गरज नाही, आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात किंवा घर सोडता त्या महिन्यात एकदाच कापायचा आणि तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत भरायचा. वर्षाचं भाडं ३६ लाख तर ७२ हजार मार्चच्या भाड्यातून कापून ३० एप्रिलपर्यंत भरायचे. टॅन नंबर (टॅक्स कापणाऱ्याचा वेगळा नंबर) लागत नाही, दोघांचे पॅन पुरतात. मार्चमध्ये अचानक ७२ हजार कमी आले की मालक उखडतो, म्हणून हे ॲग्रीमेंटमध्येच लिहून ठेवा.

मालक एनआरआय असेल तर मात्र हिशोबच बदलतो. तिथे ५० हजारांची मर्यादा नाही, दर ३० टक्के अधिक सेस म्हणजे ३१.२ टक्के, आणि भाडं खूप मोठं असेल तर वर सरचार्ज. ३ लाखावर दर महिन्याला ९३,६०० कापून भरायचे, आणि त्यासाठी तुम्हाला टॅन काढावा लागतो. नाही कापले तर वसुली तुमच्याकडून होते, मालक बसलाय दुबईत. तो मधल्या एजंटमार्फत म्हणेल "भारतातल्या खात्यात टाका, काही होत नाही". खातं भारतातलं आहे की नाही याने काही फरक पडत नाही, माणूस रेसिडेंट आहे की नाही हे महत्त्वाचं. त्याला कमी दराने कापायचं सर्टिफिकेट इन्कम टॅक्सकडून आणता येतं, तो मार्ग दाखवा. आणि ॲग्रीमेंटमध्ये तो रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट हे लिहून, बदललं तर कळवायची अट घाला. यासाठी सीएला चार पैसे द्या, इथे कंजुषी नको.

घर कंपनीच्या नावावर घेत असाल आणि कंपनीला जीएसटी नंबर असेल तर जुलै २०२२ पासून राहत्या घराच्या भाड्यावरही १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी, कंपनीला भरावा लागतो. एचआरला माहिती नसतं कधी कधी, आधीच सांगा.

८. सोसायटी

काही सोसायट्या नव्या भाडेकरूला कमिटीसमोर बोलावतात, चहा देतात आणि तुम्ही काय खाता, कोण येतं-जातं ते विचारतात. वाळकेश्वर-मलबार हिलच्या बऱ्याच इमारतींत मांसाहाराबद्दल सरळच विचारलं जातं, आणि मासे खाणारे असाल तर टोकन द्यायच्या आधी ते स्पष्ट करून घ्या, नंतर लिफ्टमध्ये सुरमईच्या पिशवीवरून बोलणी खाण्यात मजा नाही. कुत्रा असेल तर लक्षात ठेवा, पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही अशी प्राणी कल्याण मंडळाची मार्गदर्शक सूचना आहे, पण मालकाने ॲग्रीमेंटमध्येच "नो पेट्स" टाकलं आणि तुम्ही सही केलीत तर भांडायला जागा उरत नाही. घरकामाच्या बाईंचा आणि ड्रायव्हरचा पास, शिफ्टिंगची वेळ, लिफ्टला लावायचं पॅडिंग, मूव्ह-इनचे पैसे हे ऑफिसमध्ये एकदाच विचारून या.

९. निघताना

नोटीस ईमेलवर द्या, व्हॉट्सॲपवर नुसतं नको. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा असं लोक म्हणतात, बहुतेक मालक ऐकत नाहीत, पण विचारायला काय जातं. ॲग्रीमेंटमध्येच असं लिहून घ्या की चावी आणि डिपॉझिट एकाच वेळी, आणि उशीर झाला तर त्यावर व्याज, आणि पैसे येईपर्यंत भाडं न देता ताबा तुमच्याकडे. निघायच्या पंधरा दिवस आधी मालकाला घरी बोलवून ती यादी घेऊन फिरा, काय कापणार ते तिथेच लिहून घ्या, रंगाचे पैसे कापणार असेल तर कोटेशन मागा. लाइट, गॅस, वायफायची शेवटची बिलं भरून त्याचे स्क्रीनशॉट पाठवा. मग शेवटच्या दिवशी आरटीजीएस खात्यात दिसला की चावी द्यायची.